शिंदळमाकुडी: कड्यांनी राखलेले फूल

शिंदळमाकुडी ही मांसल खोडाची छोटी वनस्पती महाराष्ट्राच्या डोंगरांखेरीज दुसरीकडे कुठेही रानात आढळत नाही. शास्त्राला तिची ओळख झाली ती जुन्नरमुळे. कंपनी सरकारची औषधी वनस्पतींची बाग जवळच हिवऱ्याला होती. तिची देखरेख करणारे, दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्या जागी आलेल्या निकोल डॅलझेल यांनी १८६०च्या दशकात या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले: फ्रेरिया इंडिका. साहेबाची मर्जी राखण्याची ती त्या काळची रीतच होती. अलीकडे शिवनेरीच्या परिसरात तिला ‘शिवसुमन’ही म्हणतात.

पुढे वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणी ती सापडली. ही सारी ठिकाणे काळ्या पाषाणाच्या उभ्या कड्यांची आहेत. लाव्हाच्या थरांमधल्या अरुंद कपारींत बोटभर माती साठते. पावसाळ्यात तेथून पाणी धो धो वाहते, पण साचत नाही. दिवाळीनंतर खडक तापू लागतो. या झाडाची सारी रचना या दोन टोकांना धरून आहे. पावसात खोडाला पाने फुटतात, उन्हाळ्यात ती गळतात आणि हिरवे खोडच साठवलेल्या पाण्यावर तग धरते. तिच्या कुळातील माकडशिंगीसारख्या भाऊबंदांना नावापुरतीच पाने असतात. शिंदळमाकुडीची ठळक पाने म्हणूनच अभ्यासकांना नवलाची वाटली. पावसाळा सरता सरता पिवळ्या ठिपक्यांची, गडद तांबडी, चांदणीसारखी फुले येतात. त्यांचे परागण माश्या करतात. शेंगा जोडीने धरतात. त्यांतल्या बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो. वारा त्या दूर नेतो, पण बी नेमके कपारीत पडणे हा नशिबाचा भाग.

तिला कडाच हवा असतो, असे मात्र म्हणता येत नाही. कुंडीत तिचे छाटकलम सहज जगते. तेव्हा शेळ्या, वणवे आणि विळे जेथे पोचत नाहीत तेवढीच जागा तिला उरली, असे मानायला जागा आहे. किल्ल्यांच्या दुर्गमतेचा तिला असा आडून फायदा झाला असावा. दरडी कोसळणे, तटांवरची झाडोरा-सफाई आणि हौशी संग्राहक हे धोके मात्र तेथेही आहेत. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने संकटग्रस्त वनस्पतींत तिची नोंद केल्यावर संशोधन संस्थांनी रोपे वाढवून ती पुन्हा डोंगरांवर लावण्याचे प्रयोग हाती घेतले. यात छाटकलमांची एक मर्यादा आड येते: एका झाडाची शंभर कलमे केली तरी आनुवंशिक वारसा एकाच झाडाचा राहतो. नवी वस्ती टिकाऊ व्हायची तर निरनिराळ्या डोंगरांवरचे बी जमवावे लागते, आणि शेंगा धरलेली झाडे बहुधा दोराशिवाय हाती येत नाहीत.