थेंबाची परीक्षा

झरी जामणीच्या एखाद्या गावात किंवा कोलाम पोडावर पावसाळ्यात मुलाचा कान फुटला, की घरात लसणीचे तेल कोमट होते. नाहीतर फळीवरची जुनी औषधाची बाटली खाली येते. वाचकहो, त्या बाटलीतला थेंब कानात कुठवर जातो, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

कानाचा पडदा शाबूत असेल तर थेंब तेथेच अडतो. पण कान वाहतो, तेव्हा पुष्कळदा पडद्याला भोक असते. मग औषध मधल्या कानात उतरते आणि एका नाजूक पापुद्र्यातून आतल्या कानात झिरपू शकते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी नळी आहे. तीत आवाज टिपणाऱ्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या, की माणसाला पुन्हा येत नाहीत.

औषध त्यांना मारू शकते हे कसे कळले? १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. पुढच्याच वर्षी क्षय झालेल्या गिनीपिगांवर, म्हणजे सशाहून लहान अशा बिनशेपटीच्या प्राण्यांवर, त्याचा गुण दिसला. पण १९४५ मध्ये हिन्शॉ व फेल्डमन या डॉक्टरांना आढळले, की काही रोग्यांना इंजेक्शनांनी भोवळ येते, तोल जातो. तोल सांभाळणारे इंद्रियही आतल्या कानातच असते. पुढे बहिरेपणही दिसले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलिनपाठोपाठ तेथे स्ट्रेप्टोमायसीनही होऊ लागले. त्याने क्षयाचे रोगी वाचले, पण त्यांच्या कानांवर लक्ष ठेवावे लागे.

१९४९ मध्ये त्याच कुळातले निओमायसीन निघाले आणि पुढे ते कानाच्या थेंबांत आले. मग परीक्षेला पुन्हा गिनीपिगच! टाळी वाजली की त्याचे कान फडकतात. औषधानंतर फडकेनासे झाले, तर ऐकणे गेले. थोडे बहिरेपण मात्र यात निसटते. म्हणून कानातल्या बारीक विद्युत्-लहरी मोजतात, शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. काही प्राण्यांना औषध ज्यात विरघळवतात तो नुसता द्रव देतात. त्यातून कळले, की प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव स्वतःच इजा करू शकतो.

यात मुकी जनावरे जीव देतात. म्हणून आपल्या देशात १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची सोय केली.

गिनीपिगाचा निकाल माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या कानातला तो पापुद्रा बराच जाड असतो. आणि वाहता कान तसाच सोडला, तर त्यानेही बहिरेपण येते. तेव्हा औषधाला भिऊ नका, निवडून घ्या. १९९७ मध्ये अमेरिकेत ऑफ्लोक्सासिनचे थेंब पडद्याला भोक असतानाही वापरण्यास मान्य झाले.

गुरुजी, वर्गातले एखादे पोर हाकेला ओ देत नसेल, तर त्याला आडमुठे म्हणण्याआधी त्याचा कान वाहतो का ते विचारा. आईबापांना सांगा : तेल नको, जुनी बाटली नको; मुलाला डॉक्टरकडे न्या आणि कान वाहतो हे त्यांना आधी सांगा. कोणता थेंब द्यायचा हे ठरवायला त्याची मदत होते.