न वाचता येणारे पत्र

गेल्या आगमनकाळात टपालाने एक लांबट लखोटा आला. पाठविणारा माझा जुना चित्रकार मित्र. सेमिनरीत असताना नाताळच्या देखाव्याचे पडदे आम्ही दोघे मिळून रंगवीत असू. पुढे त्याने चित्रकलेची वाट धरली. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि तेव्हापासून त्याच्या हातचे अक्षर मला दिसले नव्हते. म्हणून मी तो लखोटा उत्सुकतेने उघडला.

आत एकच कागद होता, काळ्या शाईच्या चौदा ओळींचा. दुरून पाहता एखादे जुने मोडी खत वाटावे; जवळ घेतला तर एकही अक्षर ओळखीचे नाही. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना तो दाखविला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि म्हणाले, "फादर, ही मोडी नव्हे. पण लिहिणाऱ्याला घाई नव्हती एवढे खरे." मित्राला विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "त्यात काही लिहिलेले नाही. मी फक्त लिहिले आहे." स्वप्नात आपण एखादे पुस्तक सहज वाचत असतो आणि जाग येताच त्यातला एक शब्दही आठवत नाही, तशी माझी अवस्था झाली.

अशा अर्थमुक्त लेखनाला 'असेमिक' हे नाव 1997 च्या सुमारास टिम गेझ आणि जिम लेफ्टविच या दोन कवींनी दिले. नाव नवे असले तरी या लेखनाची मुळे जुनी आहेत. आठव्या शतकात चीनमधील झांग शू आणि भिक्षू ह्वाइसू यांची अक्षरे वेगाच्या भरात इतकी मोकळी होत की ती लावणे जाणकारांनाही अवघड जाई. तरीही लोकांनी त्यांचे हस्तलेख आदराने पाहिले. 1927 साली आंरी मिशो या कवी-चित्रकाराने कोणत्याही भाषेची नसलेली वर्णमाला कागदावर मांडली.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे यांचे स्मरण होते. या मूळ गोमंतकीय घराण्यातील चित्रकाराचा जन्म 1924 साली नागपूरला झाला आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. 1984 मध्ये अपघात झाल्यावर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना काही वर्षे शक्य झाले नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. त्यांतील खुणा लिपीसारख्या दिसतात; परंतु त्या वाचता येत नाहीत आणि वाचल्या जाव्यात अशी त्यांची अपेक्षाही नसते.

वाचता न येणारे लेखन आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीतही सापडले आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी वसलेले दायमाबाद आपण 1974 साली मिळालेल्या काशाच्या रथामुळे ओळखतो. तेथील उत्खननात उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, बटणाच्या आकाराच्या मातीच्या मुद्रा आणि काही खापरे मिळाली. त्यांवर सिंधू लिपीची चिन्हे आहेत. ही लिपी अद्याप कोणालाही निर्विवादपणे लावता आलेली नाही. 2004 साली तीन पाश्चात्त्य अभ्यासकांनी तर ही चिन्हे भाषेची लिपीच नव्हेत असे मत मांडले. 2009 मध्ये राजेश राव, मयंक वाहिया, इरावतम महादेवन आदी संशोधकांनी चिन्हांच्या क्रमाचे गणित मांडून, त्यांची रचना भाषेसारखी दिसते असे प्रतिपादन केले. वाद मिटलेला नाही.

दायमाबादची खूण आणि मित्राचा कागद यांत भेद आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या खुणेला बहुधा अर्थ होता आणि आपण तो गमावला. या कागदाला असा अर्थ कधी नव्हताच. तरीही दोन्हींपुढे आपण सारखेच निरक्षर ठरतो. मग निरक्षराने लेखनाकडे पाहावे तरी कसे?

याचे उत्तर मला माझ्या आईकडून मिळाले. ती शाळेत कधी गेली नाही. सेमिनरीतून मी दर महिन्याला पाठविलेले पत्र शेजारचा मुलगा तिला वाचून दाखवी. तो गेल्यावर ती पत्र पुन्हा उलगडी आणि ओळींवरून बोट फिरवीत बसे. एकदा मी तापातून उठून चार ओळी खरडल्या होत्या. आजाराचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईने पहिला प्रश्न केला, "त्या पत्राच्या वेळी तू आजारी होतास ना? तुझ्या रेघा वाकड्या पडल्या होत्या." वाचणाऱ्या मुलाला जे कळले नव्हते, ते तिने पाहिले होते.

त्या रात्री मी मित्राचा कागद पुन्हा दिव्याखाली घेतला. या वेळी अक्षरे शोधली नाहीत. आईसारखे ओळींवरून बोट फिरविले. पहिल्या तीन ओळी थरथरत गेल्या आहेत. चौथीत शाईचा डाग पडला आहे. तेथे लेखणी बराच वेळ थांबली असावी. सातव्या ओळीपासून वळणे गोल होऊ लागतात आणि शेवटची ओळ न अडखळता कागदाच्या काठापर्यंत जाते.

दायमाबादच्या त्या मुद्रेपाशीही असाच एक हात होता. ओल्या मातीवर खूण उमटविणाऱ्याची भाषा आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने ती काळजीपूर्वक उमटविली, एवढे आपल्यापर्यंत पोचले आहे. अर्थ लागत नाही म्हणून लिहिणाऱ्यालाच विसरणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

सकाळी मित्राला पोस्टकार्ड टाकले: "तुझे पत्र मिळाले. हात सुधारतो आहे असे दिसते. पुढचे पत्र लवकर लिही."