एका ‘अनैतिक’ने भागत नाही

इंग्रजी बातमी मराठीत आणताना ‘इम्मॉरल’, ‘अनएथिकल’ आणि ‘अमॉरल’ या तिन्ही शब्दांच्या जागी सर्रास ‘अनैतिक’ लिहिले जाते. व्याकरणाने त्यात काही खटकत नाही. पण एखाद्याची अब्रू मात्र त्याने विनाकारण जाऊ शकते.

‘मॉरल’ आणि ‘एथिकल’ मुळात समानार्थीच. ग्रीक ‘एथिकोस’ला प्रतिशब्द म्हणून सिसेरोने लॅटिनमध्ये ‘मोरालिस’ घडवला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. ‘एथिक्स’ पेशाच्या आचारसंहितेकडे झुकला, तर ‘इम्मॉरल’ला लैंगिक वर्तनाचा वास चिकटला. मराठी ‘अनैतिक’चेही तेच झाले, वेश्याव्यवसायाशी संबंधित १९५६च्या केंद्रीय कायद्याच्या नावात दोन्ही भाषांत हेच शब्द आहेत.

आता डॉक्टरांचे उदाहरण घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या विनियमांनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे हे ‘अनएथिकल’ कृत्य ठरते. अशा डॉक्टरवर ‘अनैतिक कृत्याबद्दल कारवाई’ झाल्याचा मथळा दिला, तर वाचक भलतेच समजेल. येथे ‘व्यवसायनीतीचा भंग’ हेच योग्य. मथळ्यात जागा नसते, ही सबब निदान दुसऱ्याच्या चारित्र्याच्या बाबतीत चालू नये.

‘अमॉरल’ हा ग्रीक उपसर्ग आणि लॅटिन शब्द यांचा संकर आहे. तो नीती मोडणाऱ्याला लागत नाही. ज्याच्यापुढे नीतीचा प्रश्नच उभा राहत नाही, त्याला लागतो. वासरू मारणारा वाघ किंवा तान्हे मूल ‘नीतिनिरपेक्ष’ असते, अनैतिक नव्हे.

‘सिन’ला पाप आणि ‘क्राइम’ला गुन्हा हे प्रतिशब्द चोख आहेत. अडते ते ‘इव्हिल’पाशी. माणसाविषयी ‘दुष्ट’ चालेल; पण ईश्वर असताना जगात ‘इव्हिल’ का, असे तत्त्वज्ञ विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात भूकंप आणि रोगराईही असते. तिथे ‘अनिष्ट’ हा शब्द अधिक जवळचा. हुंड्यासारख्या ‘सोशल इव्हिल’ला आपण ‘अनिष्ट प्रथा’ म्हणतोच. ‘विकेड’ मात्र जपून वापरावा, कारण ब्रिटिश तरुणांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘झकास’ असाही होतो.

‘व्हाइस’ म्हणजे दुर्गुण किंवा व्यसन. ‘व्हाइस चॅन्सेलर’मधला ‘व्हाइस’ वेगळ्याच लॅटिन शब्दापासून आला असून, त्याचा अर्थ ‘च्या जागी’ असा आहे. कुलगुरूंनी निश्चिंत असावे.