शेगडीपुढची जाळी : भाजलेल्या मुलांच्या उपचारांचा इतिहास



चाळीत एखादे मूल भाजले म्हणजे शेजारपाजारची माणसे धावत येतात, आणि मुलाला उचलण्याच्या आधी त्याच्या आईला विचारतात, "तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि खोटे कशाला बोला, पूर्वी आम्हीही तो विचारला आहे. आज त्या प्रश्नाचाच इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा वैद्यकातले जे सांगू ते वाचून समजून घेतलेले आहे. परंतु अपघाताच्या चौकशीत 'चूक कोणाची' हा प्रश्न कसा विचारला जातो, हे मात्र आम्हांला चांगले ठाऊक आहे. यंत्रात कामगाराचा हात गेला की मालकाचा वकील पहिले वाक्य म्हणतो, "कामगाराचा निष्काळजीपणा." यंत्राला जाळी होती की नाही, हे मागाहून विचारले जाते. भाजलेल्या मुलाची आई आणि हात गमावलेला कामगार ही दोघे एकाच पिंजऱ्यात उभी असतात, हे आम्हांला एका इंग्रज डॉक्टराच्या चरित्राने शिकविले.

त्यांचे नाव लेनर्ड कोलब्रुक. जन्म १८८३ चा. १९३५-३६ साली लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात त्यांनी प्राँटोसिल या नव्या औषधाचा प्रयोग बाळंतज्वरावर केला, आणि ज्या रोगाने ओल्या बाळंतिणी पटापट मरत त्या रोगाचे मरण झपाट्याने खाली आणले. एवढ्या कीर्तीवर माणूस सुखाने निवृत्त झाला असता. पण दुसऱ्या महायुद्धात, साठीच्या उंबरठ्यावर, ते भाजलेल्या रोग्यांच्या उपचाराकडे वळले. आधी ग्लासगो येथे आणि मग बर्मिंगहॅम येथे वैद्यकीय संशोधन मंडळाच्या भाजण्यावरील विभागाचे ते प्रमुख झाले.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे १९४१ साली केवळ अपघातग्रस्तांसाठी एक रुग्णालय निघाले. कारखान्यांत जायबंदी होणाऱ्या कामगारांना तज्ज्ञ उपचार मिळावेत आणि ते पुन्हा कामाला लागावेत, हा त्याचा हेतू. हे रुग्णालय १९९३ साली बंद झाले. परंतु कामगारांसाठी उघडलेल्या त्या दारातून कोलब्रुक यांच्या विभागात कोण येऊ लागले? लहान मुले! भट्टीवर भाजलेल्या माणसांच्या शेजारच्या खाटांवर घरच्या शेगडीवर भाजलेल्या चिमुरड्या मुली झोपलेल्या असत.

आता भाजणे म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. पूर्वी लोकांची समजूत अशी की, भाजणे ही कातडीची जखम. वर काही फासले की झाले. १९२१ साली अमेरिकेत न्यू हेवन येथे एका नाट्यगृहाला आग लागली. तेथल्या रोग्यांचा अभ्यास करून अंडरहिल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, भाजलेल्या जागेतून शरीरातले पाणी आणि क्षार सतत झिरपत राहतात आणि त्या तुटीने रोगी दगावतो. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत रोग्याला मलमापेक्षा शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज अधिक. तो किती द्यावा हे किती टक्के अंग भाजले यावर ठरते, आणि येथेच मुलाचा प्रश्न वेगळा होतो. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे. एकूण कातडीपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या डोक्यावर असतो. मोठ्या माणसात तो चौदावा हिस्सा. १९४४ साली बोस्टनच्या लंड आणि ब्राउडर यांनी वयाप्रमाणे बदलणारा तक्ता तयार केला, तो याचसाठी. शिवाय मुलाची कातडी पातळ. ज्या पाण्याने बापाला चटका बसतो त्याच पाण्याने मूल खोलवर पोळते. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हा धडा भाजण्याच्या वैद्यकाने मोठी किंमत देऊन शिकला.

पहिल्या दोन दिवसांतून मूल वाचले तरी पुढे दुसरा शत्रू उभा असतो, तो जंतूंचा. ज्यांनी बाळंतिणींच्या खोलीत जंतूंशी सामना दिला होता त्या कोलब्रुक यांना हा शत्रू ओळखीचा होता. उघडी जखम हे जंतूंना आयते शेत. आणि पट्टी बदलताना खोलीतल्या हवेतून, डॉक्टरांच्या घशातून, परिचारिकेच्या हातातून ते बीज पडते. म्हणून त्यांच्या विभागात पट्ट्या बदलण्याची खोलीच वेगळी केली. तिच्यात गाळलेली हवा आत सोडली जाई आणि तिचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवला जाई, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची धूळ आत येऊ नये. पेनिसिलिनचे मलम आले. जखमेला हात न लावता चिमट्याने पट्टी बांधण्याची शिस्त आली. औषधाइतकीच या शिस्तीने मुले वाचविली.

आणि तिसरा प्रश्न नव्या कातडीचा. खोल भाजलेली जागा आपणहून नीट भरत नाही. तेथे रोग्याच्याच अंगावरची पातळ कातडी काढून लावावी लागते. ज्या मुलाचे अर्धे अंग भाजले त्याची कातडी आणावी कोठून? प्रत्येक आई म्हणते, "माझी घ्या." ग्लासगो येथे टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाची कातडी लावून पाहिली. ती काही दिवसांनी गळून पडली. दुसऱ्यांदा लावली ती आणखी लवकर गळली. शरीर परके ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते, हा सिद्धान्त त्यातून निघाला. १९४३ साली तो निबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढे याच वाटेवरच्या कामासाठी मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आईची माया मुलाला लागते, कातडी मात्र कायमची लागत नाही, असे हे निष्ठुर सत्य आहे. परंतु परकी कातडी काही आठवडे झाकण म्हणून टिकते, आणि तेवढ्या अवधीत जीव वाचू शकतो, हेही तितकेच खरे.

जीव वाचला म्हणजे काम संपले असे कोणी समजू नये. मूल वाढते, पण व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, ती आखडते. कोपर वाकडे राहते, हनुवटी छातीला चिकटते. म्हणून वर्षानुवर्षे व्यायाम, आधारपट्ट्या आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. मुलाला शाळेत परत पाठविणे आणि इतर मुलांच्या नजरा सोसण्याचे बळ त्याला देणे, हाही उपचारच. एके काळी इंग्लंडातल्या रुग्णालयांत आईबापांना मुलाजवळ बसू देत नसत. १९५९ च्या प्लॅट समितीने भेटीची बंधने उठवावीत असे सांगितले. वेदनेच्या वेळी आई जवळ असावी, हे आपल्याकडच्या आजीला जे कळत होते ते समितीला सांगावे लागले!

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोलब्रुक यांनी पत्नी व्हेरा यांच्यासह एक हजार रोग्यांची छाननी केली. प्रत्येकाला विचारले: कोठे भाजलात, कशाने, अंगात काय होते? हा निबंध १९४९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आला. त्यातून दिसले ते असे की, भाजणे हा मुख्यतः घरातला अपघात आहे, मुलांचा त्यात फार मोठा वाटा आहे, आणि उघडी शेगडी व झोळदार कपडे ही जोडी मुलींचा घात करीत आहे. एवढ्या मोठ्या डॉक्टराने निष्कर्ष काढला तो कोणता? रुग्णालये वाढवा एवढाच नव्हे. शेगडीला जाळी लावा!

कायदा आधी नव्हता असे नाही. १९०८ च्या इंग्रजी कायद्यात असे कलम होते की, सात वर्षांखालचे मूल उघड्या शेगडीने मेले किंवा गंभीर जखमी झाले, तर पालकाला दहा पौंडांपर्यंत दंड करावा. म्हणजे मूल भाजल्यावर आईला विचारावयाचे, "तुझं लक्ष कुठं होतं?" आणि वर दंडही घ्यावयाचा. जिने पोटचे मूल गमावले तिला दहा पौंडांचा धाक तो काय? कोलब्रुक यांच्या खटपटीने १९५२ साली दुसरा कायदा झाला. त्याने सांगितले की गॅसची, विजेची वा तेलाची शेगडी विकावयाची तर तिला जाळी बसवूनच विकावी. पहिला कायदा घटना घडल्यावर आईच्या दारी जातो. दुसरा घटना घडण्याच्या आधी कारखानदाराच्या दारी जातो. आमच्या मते या चव्वेचाळीस वर्षांच्या अंतरात सारा इतिहास सामावला आहे.

कामगारांना यात नवे काही नाही. इंग्लंडात यंत्रांना कठडे घालण्याची सक्ती १८४४ च्या कायद्याने झाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने ती सविस्तर सांगितली. जो न्याय यंत्राला तो चुलीला का नसावा? आई ही बारा तास एकटीच पाळी करणारी कामगार नव्हे काय?

कपड्याची गोष्टही तशीच. मुलींचे झगे फ्लॅनेलेटचे असत. हे सुती कापडच, पण त्यावर लव काढलेली. लवेत हवा खेळते, म्हणून ते ऊबदार. आणि त्याच हवेमुळे ठिणगी पडताच ज्योत अंगभर धावते. स्वस्त म्हणून गरिबाच्या मुलीच्या वाट्याला तेच येई. १९६४ साली मुलांच्या रात्रीच्या झग्यांचे कापड सहज पेट न घेणारे असावे असे नियम इंग्लंडात झाले. कोलब्रुक १९६७ साली वारले; एवढे त्यांना पाहावयास मिळाले.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तेथील श्रायनर्स या धर्मादाय संस्थेने १९६२ साली भाजलेल्या मुलांसाठी खास रुग्णालये काढण्याचे ठरविले. पहिले टेक्सासात गॅल्व्हेस्टन येथे १९६६ साली उघडले. व्रण उंचावू नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे कपडे घालण्याचा उपाय तेथल्याच कामातून रूढ झाला. दान थोर आहे, यात शंका नाही. पण दान भाजलेल्या मुलापर्यंत पोहोचते, न भाजलेल्या मुलापर्यंत केवळ नियमच पोहोचतो.

आपल्या मुंबईनेही या विद्येत भर घातली आहे. १९८० नंतरच्या दशकात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी जखमेवर वापरली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी वापरली, आणि २००० साली तेथेच देशातली पहिली त्वचापेढी सुरू झाली. मरणानंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरची पातळ कातडी घेतात. देह विद्रूप होत नाही. हेच ते काही आठवड्यांचे झाकण! नेत्रदानाचे अर्ज आपण भरतो. त्वचादानाचा विचार किती घरांत झाला आहे?

आता निरोप घेण्यापूर्वी तीन गोष्टी. मूल भाजले वा पोळले तर लगेच त्या जागेवर साध्या पाण्याची धार वीस मिनिटे धरा. बर्फ, शाई, दंतमंजन, तूप काही लावू नका. मग स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट, चूल, स्टोव्ह आणि आंघोळीच्या कढत पाण्याची बादली जमिनीवर मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. आणि दहा बाय दहाच्या खोलीत ठेवायला दुसरी जागाच नसेल, तर तो प्रश्न आईचा नव्हे, घरांचा आहे, हे ओळखा.

आणि तिसरी गोष्ट. पुढच्या वेळी चाळीत धावत जाल, तेव्हा आईला तो प्रश्न विचारू नका. मूल उचला, नळ सोडा. प्रश्न मागाहून विचारू, आणि तो असा विचारू : "जाळी का नव्हती?"