कडू भोपळ्याचं रान

कडू भोपळा माणूस खात नाही, जनावरही त्याला तोंड लावत नाही. तरी आमच्या आबांनी भीमेकाठच्या गाळाच्या रानात दरसाल त्याच्या चार ओळी टोकल्या. गावातली माणसं चेष्टा करायची, "आबा, पोरास्नी कडूच चारता का काय?" आबा म्हणायचे, "खाणारा मिरजेला बसलाय. त्याला गोड लागतंय."

खाणारा म्हणजे तंबोरे करणारे चाचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातले हे भोपळे मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे, सतारी होतात, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते मी बांधावर शिकलो.

या पिकाला खत-पाण्यापेक्षा राखण जास्त लागते. फळ नारळाएवढं झालं की त्याच्याखाली काडाची चुंबळ ठेवायची. मातीला टेकलं तर बूड चपटं होतं, ओल लागली तर सडतं. मग दर थोड्या दिवसांनी, देठाला पीळ न पडू देता, त्याची कूस बदलायची. हे काम आई करायची. बाळाला पालथं करावं तसं दोन्ही हातांनी. शेवटी पाणी तोडायचं आणि वेलावरच फळ वाळू द्यायचं. हिरवं फळ पिवळट पडतं, हलकं होतं, आतल्या बिया खुळखुळायला लागतात. घाई करून तोडलं तर साल पातळ राहते आणि पुढं सुरकुतते.

थंडी सरता सरता चाचा यायचे. खिशातून दोरा काढून भोपळ्याचा घेर मापायचे, बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. शंभरातले वीस-पंचवीस घ्यायचे. बायकांच्या गळ्याचा तंबोरा लहान, त्याला भोपळा मिळतो. पुरुषी खर्जाच्या तंबोऱ्याला मोठा घेर लागतो आणि तसला, शिवाय गोल, जाड सालीचा भोपळा सालात एखादाच निघतो.

जेवताना ते मिरजेचं सांगायचे. त्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाल्यांना धार लावणारी माणसं. पेशवाई बुडाली, इंग्रज आला आणि हत्याराला गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला हातात घेतली, मग नवी करायला लागले. त्यांना लोक सतारमेकर म्हणू लागले. मिरज पटवर्धनांचं संस्थान, गाण्याला आश्रय देणारं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथं होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे तिथंच शिकले. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. चाचा म्हणायचे, "गवय्या दारात उभा असला की कारागिराला खोटं काम करता येत नाही. लगेच कानाला कळतं त्याच्या."

मी सातवीत असतानाची गोष्ट. त्या साली एका वेलावर असा भोपळा धरला की आबा रोज संध्याकाळी नुसते बघायला जायचे. मला काय अवदसा आठवली, बाभळीच्या काट्यानं मी त्याच्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. कोवळी साल, नुसता चरा पडला. पण भोपळा वाढला तसं अक्षरही वाढलं. महिन्याभरात ते वितीएवढं झालं, खरूज धरल्यासारखं खडबडीत. आबांनी मारलं नाही. जेवले नाहीत, एवढंच.

चाचा आले तेव्हा आबांनी तोच भोपळा आधी पुढं केला, "ह्यात खोट हाय. पोरानं केलीय. घेऊ नका." चाचांनी दोरा लावला. एवढा घेर त्यांना तीन सालांत मिळाला नव्हता. चऱ्यावरनं अंगठा फिरवत बराच वेळ बसले. "नशीब बघू," म्हणाले, आणि पूर्ण पैसे दिले.

तीन वर्षं तो भोपळा त्यांच्या माळ्यावर टांगलेला होता. चौथ्या साली आबा मला मिरजेला घेऊन गेले. दुकानात तुणीच्या लाकडाचा वास. दांडीचं ते लाकूडही वर्षानुवर्षं मुरवत ठेवलेलं. चाचांनी भोपळा उतरवला, खूण करून कापला आणि भिजत घातला. साल मऊ झाली की आतला गर खरवडायचा आणि तोंड हवं तेवढं पसरावं म्हणून आत काटक्यांचे आडवे ताण द्यायचे. आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलो. दुसरा ताण बसवताना आवाज आला. मोठा नव्हता, सुकी शेंग फुटावी एवढाच. माझ्या अक्षरावरनं बुडापर्यंत तडा गेला.

चाचा उठले, हात धुतले आणि पोराला चहा सांगितला. आबांनी कोपरीच्या खिशातनं पैसे काढले, ते त्यांनी घेतले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटा, पैशाचं काही नाही. पण हे तीन साल कुठल्या बाजारात मिळतील, सांग." मला बोलता येईना. रडूही येईना.

मग त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एका तयार तंबोऱ्याची जवारी काढताना दाखवली. घोडीचा माथा कानशीनं जरासा घासायचा, तारा चढवायच्या, छेडायच्या, ऐकायचं. पुन्हा तारा उतरवायच्या, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा धागा केसभर मागंपुढं सारायचा. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्यांनी एवढंच केलं. अंधार पडता पडता त्या चार तारा अशा बोलल्या की आबांनी डोक्यावरची टोपी काढली. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपला भोपळा असा बोलला असता."

उजनी धरण १९८० साली झालं, त्याचं पाणी आलं आणि आमच्या भागात ऊस घुसला. आबांच्या माघारी मीही लावला, नाही म्हणत नाही. उसाला कूस बदलावी लागत नाही आणि पैसा ठरलेला असतो. ऑक्टोबर २०२० च्या पुरात भीमेनं भोपळ्याच्या चारी ओळी नेल्या, एक वेल उरला नाही. भाऊ म्हणाला, "आता तरी बस कर." तेव्हा मी खरंच थांबणार होतो.

चाचांच्या मुलाचा फोन आला. पैशाचं, पुराचं काही विचारलं नाही. म्हणाला, "बी आहे का शिल्लक? नसेल तर इथल्या भोपळ्यांतलं आम्ही राखून ठेवलंय, पाठवतो." बी पाठवलं त्यानं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगायलाही त्याचाच फोन आला.

यंदा ओळी दोनच आहेत. फळं नारळाएवढी झालीत. काड आणून ठेवलंय, उद्या चुंबळी वळायच्या आहेत.