वर्कलाजवळची दोन गावे

केरळातील वर्कला येथे येणारे बहुतेक प्रवासी कड्याच्या काठावरून सूर्यास्त पाहतात आणि परततात. आम्हीही प्रथम तेच केले. वरच्या अंगाला कोकणातल्या माणसाने लगेच ओळखावा असा तांबडा जांभा, त्याखाली वाळूखडकाचे आणि चिकणमातीचे थर. भूशास्त्रात या थरांना वर्कलाचेच नाव मिळाले आहे. खाली पापनाशम किनाऱ्यावर पितरांना पिंड दिले जातात. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते मात्र दक्षिणेला, किनाऱ्याने दहा-बारा किलोमीटरवर होते.

अंचुतेंगू हे ते गाव. इंग्रजी दप्तरांतले 'अंजेंगो'. मिरीच्या व्यापारासाठी ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला बांधला. १७२१ मध्ये अट्टिंगलच्या राणीकडे नजराणा घेऊन गेलेल्या शंभराहून अधिक इंग्रजांना स्थानिकांनी ठार केले. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गाव ठाऊक असते ते एलायझा ड्रेपरमुळे. १७४४ मध्ये ती येथे जन्मली, चौदाव्या वर्षी मुंबईत कंपनीच्या एका अधिकाऱ्याची पत्नी झाली. १७६७ मध्ये लंडनमध्ये 'ट्रिस्ट्रम शँडी'चा कर्ता लॉरेन्स स्टर्न तिच्यावर लुब्ध झाला, आणि १७७३ मध्ये ती माझगावच्या घरातून पळून गेली. फ्रेंच लेखक रेनाल याने तर केवळ तिची जन्मभूमी म्हणून अंजेंगोचे स्तोत्र गायले! जुन्या मुंबईविषयीच्या वाचनातून ही सारी कथा आम्हांला तारखांनिशी पाठ होती.

कायिक्करा हे गाव अंचुतेंगूला अगदी लागून आहे. तेथे १८७३ मध्ये कुमारन आशान जन्मले, ही गोष्ट मात्र आम्हांला आमच्या रिक्षाचालकाकडून कळली. मराठीचे अध्यापक म्हणवून घेणाऱ्यांनी हे सांगताना मान खाली घालावी हेच योग्य. आशान ईळव समाजातले. नारायण गुरूंचे शिष्य. गुरूंनी १९०४ मध्ये वर्कलालाच शिवगिरी मठ स्थापन केला आणि १९२८ मध्ये तेथेच देह ठेवला. म्हणजे कड्यावरून सूर्यास्त पाहताना आमची पाठ शिवगिरीकडे होती.

आशानांचे 'चण्डालभिक्षुकी' हे काव्य १९२२ मधले. बुद्धशिष्य आनंद विहिरीवर एका चांडाळ कन्येकडे पाणी मागतो. आपल्या हातचे पाणी त्याला चालेल का, या शंकेने ती थबकते. हीच कथा रवींद्रनाथांच्या 'चंडालिका'मध्ये आहे, पण ती १९३३ मधली. आमच्या वर्गांत 'चंडालिका'चा उल्लेख अनेकदा होतो. तिच्या अकरा वर्षे आधीच्या मलयाळम काव्याचा आम्ही एकदाही केलेला नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मधला. पाण्याचा हा प्रश्न दोन्ही किनाऱ्यांवर एकाच दशकात उभा राहतो, एकीकडे काव्यात, दुसरीकडे तळ्याच्या काठी. आणि तरी आम्ही शिकवीत असलेल्या तौलनिक साहित्याच्या तासांना स्टर्न जितका सहज येतो तितके आशान येत नाहीत.

आशान १९२४ च्या जानेवारीत पल्लना येथे बोट उलटून बुडाले. तेव्हा ते पन्नाशीचे होते.