हँडलचा बाक

लांबच्या पल्ल्याला निघणारा सायकलस्वार दुकानात गेला की आधी मुठी दाबून बघतो. फोमची, जेलची, रबराची. जी जास्त दबते ती चांगली, असा साधा हिशेब. हिशेब अगदीच खोटा नाही, पण सायकलचा दोनशे वर्षांचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. हाताला आराम मिळाला तो बहुतेक वेळा हातावरचा भार उतरल्यामुळे, किंवा हाताला जागा बदलायची सोय झाल्यामुळे. मूठ मऊ होणं हे त्यामानाने किरकोळ. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइसने मानहाइममधून आपलं लाकडी दुचाकी यंत्र पायांनी जमीन रेटत बाहेर काढलं, तेव्हा स्वाराच्या पुढ्यात गादी ठोकलेली एक आडवी फळी होती. हात कोपरापासून पुढे त्या फळीवर टेकवायचे आणि दिशा द्यायला वेगळी दांडी धरायची. भार पेलणं एकीकडे, वळवणं दुसरीकडे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल लावलेल्या सायकली धावू लागल्या, त्यात ही फळी गेली आणि दोन्ही कामं एकाच लोखंडी दांड्यावर आली. वर तिसरं कामही आलं. ज्या चाकाने वळायचं तेच पायांनी फिरवायचं असल्यामुळे प्रत्येक पेडलसरशी चाक वाकडं जाऊ बघायचं आणि हातांना ते ओढून सरळ ठेवावं लागायचं.

त्यानंतरच्या उंच चाकाच्या सायकलींवर शिंगाच्या, लाकडाच्या मुठी असत. दिसायला देखण्या, पण दगडी रस्त्याचे हादरे जसेच्या तसे तळहातात सोडणाऱ्या. १८८५ साली जॉन केंप स्टार्लीच्या ‘रोव्हर’ने साखळीचा जोर मागच्या चाकावर नेला आणि हात त्या ओढाताणीतून सुटले, हादरे मात्र राहिलेच. त्याच वर्षी लिनली आणि बिग्ज यांच्या ‘व्हिपेट’ने वेगळी युक्ती केली. सीट, पेडल आणि हँडल यांचं आपसातलं अंतर कायम ठेवून तो सगळा सांगाडाच स्प्रिंगवर तोलला. कल्पना हुशारीची होती, तरी १८८८ मध्ये डनलपने हवा भरलेला टायर आणल्यावर ती फार टिकली नाही. तळहाताचा सगळ्यात मोठा दिलासा असा चाकाच्या बाजूने आला. आज अर्धवट हवेच्या किंवा दगडासारख्या ठासून भरलेल्या टायरवर जेलच्या महागड्या मुठी चढवणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यायला हरकत नाही.

पण हादरे हेच सगळं दुखणं असतं तर डनलपनंतर ते मिटायला हवं होतं. तसं झालं नाही. १८९६ साली देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सायकल चालवण्यामुळे अल्नर मज्जातंतूला येणाऱ्या लुळेपणाची नोंद प्रसिद्ध केली. हा मज्जातंतू करंगळीकडच्या बाजूने मनगटातल्या एका अरुंद बोळातून तळहातात उतरतो. हाताची टाच हँडलवर तासन्‌तास दाबून धरली की तो तिथे चेपतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी मुंग्या येऊन बधिर होतं, पुढे बोटांतली ताकद जाते. टायरमध्ये हवा आली होती खरी, पण शर्यतीच्या नादात हँडल खाली गेलं होतं, आणि वाकलेल्या धडाचं वजन हातांवर उतरतच होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार दिवसांत ६०० किलोमीटर चालवणाऱ्या २५ स्वारांपैकी २३ जणांच्या हातांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले. शंभर वर्षांत मुठी कुठल्या कुठे गेल्या होत्या, तरीही.

उलट बाजूचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. रॉड ब्रेकची काळी सायकल ब्रिटिश नमुन्यावरून आली आणि मद्रासच्या टीआय, सोनिपतच्या अ‍ॅटलस, लुधियानाच्या हिरो अशा कारखान्यांनी तिचा घाट फारसा न बदलता पिढ्यान्‌पिढ्या चालवला. तिची मूठ आरामाच्या नावाने शून्य: कडक प्लास्टिक, उन्हाळ्यात चिकट होणारं, आणि बोटांसाठी पाडलेल्या खाचा अशा की कुणाचीच बोटं त्यांत नीट बसू नयेत. पण हँडलचा बाक बघा. दांडा मधून निघून दोन्ही बाजूंनी मागे वळतो, त्याची टोकं जवळजवळ समांतर स्वाराकडे येतात, आणि मनगट भरलेली बादली उचलताना असतं तसं सरळ राहतं. स्वार ताठ बसतो, वजन स्प्रिंगच्या सीटवर जातं, हात नुसते ठेवलेले. पुण्यात खडकीच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार जेल न वापरता रोज जात होता तो या बाकाच्या जोरावर. यावर कुणी म्हणेल की हा घाट आरामासाठी टिकला नाही. ब्रेकची पट्टी हँडलच्या खालून त्याच्याच वळणाने जाते. हँडल बदलायचं तर अख्खी ब्रेकची मांडणी बदलावी लागते, म्हणून कारखान्यांनी हात लावला नाही. बरोबर आहे. पण घाट का टिकला आणि तो हाताला का मानवला, हे प्रश्न दोन आहेत. ताठ बसण्याची किंमतही खरीच: समोरचा वारा छातीवर येतो आणि चढावर दम जातो. शंभर किलोमीटरच्या पुढे ती किंमत सगळ्यांना परवडत नाही.

म्हणूनच लांब पल्ल्याच्या स्वारांनी खाली वळलेलं, शर्यतीचं हँडल टाकून दिलं नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची फेरी १८९१ पासूनची. त्याच परंपरेतल्या २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या आता पुण्या-मुंबईतही निघतात, आणि तिथे हे हँडल सर्रास दिसतं. २०११ साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी करंगळीच्या बाजूचा दाब मोजला तेव्हा तो हँडलच्या खालच्या वळणात हात असताना सर्वांत जास्त भरला. मग आराम कुठला? तो जागा बदलण्यात. वरच्या सरळ भागावर, कोपऱ्यावर, ब्रेकच्या टोपणावर, खालच्या वळणात. चेपलेली जागा दर काही मिनिटांनी मोकळी होते. सरळ दांड्याच्या माउंटन बाइकवर हीच सोय नसते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात डोंगर उतरण्यासाठी ती सायकल घडली, तिथे हुकमत हवी होती, आठ तासांची बैठक नव्हे. पुढे तिच्या टोकांना शिंगं बसवली गेली आणि पंखासारख्या चपट्या मुठी आल्या. या चपट्या मुठींचा उपयोग होतो, पण मऊपणामुळे नव्हे. त्या टाचेखालचा दाब रुंद जागेवर पसरवतात.

मऊपणाच्या वकिलांकडे एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो त्याच विस्कॉन्सिनच्या प्रयोगातला: गादीचे हातमोजे घातल्यावर दाब १० ते २८ टक्के उतरला. ही घट थोडी नव्हे, आणि ते मोजे नाकारायचं कारणही नाही. मात्र उरलेला दाब हातावरच राहतो, आणि जाडी वाढवत नेली की मूठ बोटांत मावेनाशी होते, मग माणूस ती आणखी आवळून धरतो. सीट पुढे झुकली असेल तर शरीर सारखं पुढे घसरतं आणि ते थोपवायचं कामही तळहातांवरच येतं. तिथे पान्याच्या एका पिळाने जे साधतं ते कुठल्याही जेलने साधत नाही.

भार मुळातच तळहातावरून काढायचा झाला तर वाट पुन्हा ड्राइसच्या फळीकडे जाते. १९८९ च्या टूर डी फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किलोमीटरांत ग्रेग लेमाँडने ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि ८ सेकंदांनी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या हँडलवर कोपरांसाठी गाद्या होत्या. वारा कापायला लावलेल्या, पण वजन हाडांवर घेणाऱ्या. सपाट रस्त्यावर त्यांच्यासारखं सुख नाही. कात्रजचा उतार लागला की मात्र हात तिथून उचलून ब्रेकवर आणावेच लागतात.